तांडेलांचा चवाठा

प्रिय मुलांनो,

परवा तुमची आई फोनवर सांगत होती, की तुमच्या गावात चार रस्ते मिळतात तिथे दिवा नाही, पोलीस नाही, नुसती 'थांबा' अशी पाटी आहे. जो आधी आला तो आधी जातो, बाकीचे निमूट उभे राहतात. धाकट्याने मध्येच विचारलं, "आज्जी, तुमच्याकडे असं होतं का?" मी "होतं" म्हणाले आणि फोन तुटला. 'होतं' एवढ्याने तुमचा समज चुकीचा व्हायचा, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे जे होतं ते म्हणजे आमचे घरमालक.

तेव्हा मी डिचोलीच्या पुढे एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा डिचोलीला बँकेत होते. आम्ही माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घर अगदी चवाठ्यावर, म्हणजे चार वाटा मिळतात त्या जागी होतं. एक वाट डोंगरावरच्या खाणीतून उतरायची, एक खाली नदीच्या धक्क्याकडे जायची, एक डिचोलीला आणि एक आमच्या शाळेकडे. खाणीतून लोखंडाची माती भरलेले ट्रक दिवसभर धक्क्यावर जात आणि रिकामे होऊन परत येत. त्यांच्यामधून बस, सायकली, बैल, शाळेची मुलं आणि पाव विकणारा पोदेर आपापली वाट काढत. मी सकाळी पांढरी साडी नेसून निघाले, तर शाळेत पोचेपर्यंत ती विटकरी झालेली असे.

घरमालक हे बार्जवरचे तांडेल. तीच खनिजाची माती नदीतून बंदरापर्यंत वाहून नेणाऱ्या बार्जचे ते कप्तान होते. मूळ नार्व्याचे, जन्म नदीकाठी गेलेला. निवृत्त होऊन जमिनीवर आले, पण जमिनीवर आलो आहोत हे त्यांनी मान्य केलं नव्हतं. नदीच्या वळणावर पलीकडचं दिसत नसेल तर भोंगा लांब वाजवायचा, असा बार्जचा नियम आहे. तांडेल हा नियम घरात पाळत. न्हाणीघराच्या कोपऱ्यावर वळण्याआधी ते तोंडाने "पोंऽऽऽ" करत. पहिल्या दिवशी मी समोरून कपड्यांची बादली घेऊन येत होते. तो आवाज ऐकून मी बादलीसकट मागे फिरले आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी त्यांनी तुमच्या आजोबांना बोलावून समज दिली, "भोंग्याक परतो भोंगो दिवचो पडटा. बाई गप्प रावल्यो. आदळलों आसलों जाल्यार दोष बाईंचो."

तेव्हापासून मीही बादली घेऊन जाताना हळूच "पों" करू लागले. इंग्रजीत एम. ए. झालेली बाई मी, पण भाड्याच्या घरात राहायचं तर असं काही ना काही करावंच लागतं.

सोप्यावर, म्हणजे घराच्या पुढल्या ओट्यावर, त्यांची खुर्ची चवाठ्याकडे तोंड करून ठेवलेली असे. मांडीवर एक जाड वही. बार्जवर रोजची नोंद ठेवायची सवय होती, ती इथे त्यांनी चवाठ्याची सुरू केली. 'सात वाजून दहा. पोदेर आणि बैल. दोष बैलाचा.' 'नऊ वाजून पाच. बस आणि रिकामा ट्रक. दोष दोघांचा, पण बसचा जास्त.' 'दहाला पाच कमी. बाई. छत्री आडवी. दोष बाईंचा.' ही शेवटची नोंद त्यांनी मला स्वतः उघडून दाखवली होती.

माझा त्यांच्याशी वाद होई. मी म्हणायची, "तांडेल, ही नदी नाही, रस्ता आहे. इथे ब्रेक असतो."

"म्हणूनच सांगतां, बाई! उदकाक ब्रेक ना, म्हणून उदकार नेम आसा. रस्त्यार ब्रेक आसा, म्हणून मनशांक अक्कल ना."



त्यांचा मुख्य नेम एकच होता: भरलेल्याला आधी वाट. भरलेली बार्ज ओहोटीबरोबर येत असेल तर ती थांबू शकत नाही, म्हणून रिकामीने बाजूला व्हायचं. तसाच डोंगरावरून भरून उतरणारा ट्रक आधी जावा, रिकाम्याने थांबावं. ऐकायला किती साधं! पण चवाठ्यावर प्रत्येकाला वाटे की आपणच भरलेले आहोत. पोदेराची टोपली भरलेली, बस माणसांनी भरलेली, आणि रिकाम्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणे, "माझा पोट रिकामा आसा, माका घाई."

आता या सगळ्याच्या मुळाशी काय होतं ते सांगते.

घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तांडेलांची थोरली बहीण राहायची. तिला सगळे आके म्हणत. बारा वर्षांपूर्वी तांडेलांनी पाहुण्यांच्या देखत तिच्या सोलकढीला बार्जच्या तळातलं पाणी म्हटलं होतं. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. पुढे तिला ऐकू येईनासं झालं, आणि मग प्रकरण फारच अवघड होऊन बसलं. माफी मागायची तर ओरडून मागावी लागली असती, आणि तांडेलांचा आवाज असा, की ओरडून मागितलेली माफी धक्क्यापर्यंत ऐकू गेली असती. त्यामुळे बहीण-भाऊ एका छपराखाली राहून एकमेकांना 'ती पलीकडली' आणि 'तो तुमचो घरधनी' म्हणत होते.

आके रोज सकाळी बरोबर आठाला चवाठा ओलांडायची. पलीकडे चवाठ्याच्या राखणदार देवाचा दगड होता, त्याला अबोलीचा वळेसर, म्हणजे गुंफलेली माळ, घालायला. आठ म्हणजे ट्रकांची ऐन भरती. ती डावीकडे बघत नसे, उजवीकडे बघत नसे. मान खाली, परडी पुढे, आणि तरातरा चालू लागे. ट्रक कर्कश ओरडत तिच्या आजूबाजूला थांबत, तिला त्याचा पत्ताही नसे. मी एकदा खुणा करून तिला म्हटलं, जरा बघून जा.

"कोणें सांगलें? ताणें?" आकेने डोळे बारीक केले. "ताका सांग, ही वाट म्हज्या आज्याची. ट्रक काल आयले."

एका दुपारी तांडेल झोपले असताना मी ती वही चाळली. चाळू नये हे मला कळत होतं. प्रत्येक पानावर, बैल आणि बस यांच्यामध्ये, दोन ओळी सारख्याच होत्या. 'आठ. ती गेली.' 'आठ वाजून सात. ती आली.' पुढे दोष कोणाचा ते लिहिलेलं नव्हतं. मधल्या सात मिनिटांत त्या पानावर दुसरी एकही नोंद नसे. मग माझ्या लक्षात आलं, की हा माणूस अख्ख्या चवाठ्याला शिस्त लावायला निघाला आहे, कारण एका म्हातारीला 'बघून चाल' एवढं सांगायची त्याला सोय उरलेली नाही.

त्यानंतर, चवाठ्यावर काही उपाय करा असे त्यांचे अर्ज मी इंग्रजीत लिहून देऊ लागले. सरकारी कचेरीत ते घेऊन आम्ही दोघं दोनदा गेलो. शेवटी एक तरुण इंजिनिअर चवाठा पाहायला आला. अतिशय सभ्य मुलगा. त्याने चारी रस्ते पाहिले, चहा घेतला आणि फाईल उघडून म्हणाला, "इथे अपघाताची नोंद एकही नाही. अपघात नसेल तर उपाय कशाच्या आधारावर सुचवू?"

"म्हणजे कोण तरी मरूंक जाय?" तांडेलांनी विचारलं.

"मरायला पाहिजे असं नाही," मुलगा गडबडला. "गंभीर जखमी चालेल."

तांडेलांनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली.

मग त्यांनी उपाय स्वतःच करायचं ठरवलं. बार्जच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा, समोरच्याला आपली बाजू कळावी म्हणून. निवृत्तीच्या वेळी त्यांना असे दोन जुने कंदील मिळाले होते. एका संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी ते चवाठ्यावर टांगले. डोंगराच्या वाटेवरच्या आंब्याला लाल, धक्क्याच्या वाटेवरच्या खांबाला हिरवा. त्यांच्या मते आता चवाठा एका मोठ्या बार्जसारखा दिसत होता आणि कोणालाही कळलं असतं की डावं कुठलं, उजवं कुठलं.

बहुतेक ड्रायव्हर सिंधुदुर्गातले, कुडाळ-वेंगुर्ल्याकडचे. मुंबईत गाडी चालवून आलेले. त्यांनी लाल दिवा पाहिला आणि ते थांबले. आयुष्यात प्रथमच त्या चवाठ्यावर कोणी आपणहून थांबलं होतं! पण रॉकेलचा कंदील हिरवा होणार कसा? डोंगराकडची रांग वाढत वाढत वळणापलीकडे गेली. धक्क्याकडच्यांना मात्र कायमचा हिरवा, ते भोंगे वाजवत सुसाट. रांगेत पहिला होता बाबलो, कुडाळकडचा ड्रायव्हर, गोल चेहऱ्याचा आणि भांडायला सदैव तयार. त्याने चार विड्या संपवल्या आणि मग तो उतरून सोप्याशी आला.

"तांडेल, हो लाल हिरवो कदी होतलो?"

"तांबडो तो तांबडोच रावतलो! तो तुका बाजू कळची म्हणून."

"मग मी जाव काय नको?"

"तूं भरिल्लो आसा मरे! तूं आदीं वचूंक जाय!"

"मग माझ्यासमोर लाल कित्याक लावलास?"

 तांडेल उठले, जाऊन दोन्ही कंदील काढून आणले आणि वहीत त्या दिवसाची शेवटची नोंद केली. मी जिन्यावरून वाकून वाचली. 'दोष तांडेलाचा.' अशी नोंद मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

यानंतर ते महिनाभर गप्पच होते. न्हाणीच्या कोपऱ्यावर सुद्धा "पों" ऐकू येईना. मला चैन पडेना. मी बादली घेऊन उगीचच भोंगा देत फिरत असे.

मग राखणदाराच्या वार्षिकाचा दिवस आला. दर वर्षी त्या दिवशी सारा गाव चवाठ्यावर जमतो, गावचा वडीलधारा गावकर गाऱ्हाणं घालतो. तुम्ही कधी ऐकलेलं नाही, म्हणून सांगते. गावकर देवाला उद्देशून एकेक मागणं मोठ्याने म्हणतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. लहानपणापासून म्हणत आलेले असल्यामुळे कोणी शब्द ऐकत नाही. सूर खाली आला की तोंडातून आपोआप "व्हय म्हाराजा" निघतं. ड्रायव्हरही ट्रक कडेला लावून नारळ घेऊन येत. त्यांच्या गावीही हीच रीत.

त्या वर्षी गावकराचा आवाज पार बसला होता. आदल्या रात्री जत्रेच्या नाटकात त्याने खलनायकाचं काम केलं होतं आणि मरताना फार ओरडला होता. आता गाऱ्हाणं घालणार कोण? तेवढा आवाज गावात दुसऱ्या एकाच माणसाचा होता. गावकराने तांडेलांना खुणेनेच पुढे बोलावलं.

तांडेल दगडासमोर उभे राहिले, डोक्याला मुंडासं. मी बायकांमध्ये, आकेच्या शेजारी.

"बा म्हाराजा! आज हीं तुजीं लेकरां तुज्या चवाट्यार उबीं आसात!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाक ताप आयला, कोणाची गाय चुकल्या, तें सगळें तूं निवार!"

"व्हय म्हाराजा!"

"खंयच्याय गांवचो, खंयच्याय धंद्याचो, सगळ्यांक सांबाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी म्हाराजा, दोंगरावयल्यान भरून येतलो, ताका आदीं वाट दितले!"

"व्हय म्हाराजा!"

हे मागणं नव्हतं, तांडेलांचा नेम होता. मी सोडून कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"रिकामो येतलो, तो आपली गाडी धरून रावतलो!"

"व्हय म्हाराजा!"

"डाव्यान वळपी डाव्यानूच वळटलो, मदींच काप मारचो ना!"

"व्हय म्हाराजा!"

"शाळेचें भुरगें वा म्हातारें माणूस रस्त्यार दिसलें, तें पल्याड पावसर चारूय वाटो बंद! होर्न सुद्दां मारचो ना!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी जो चुकतलो, ताची गाडी चडणीर बंद पडूं!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबल्याचा. आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"ओ तांडेल," तो म्हणाला, "आमी काय म्हटला आता?"

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. बाबलो म्हणत होता, "ही फसवणूक! आमी होय म्हटला ता सवयीन म्हटला." बसवाला म्हणत होता, की माणसं भरलेली बस भरलेली धरणार की नाही ते आधी देवाला विचारा. पोदेर म्हणाला, माझी टोपली? शेवटी सगळ्यांनी गावकराकडे पाहिलं. त्याने घसा धरला आणि बसलेल्या आवाजात एवढंच म्हटलं, "म्हटलें तें म्हटलें. देवान आयकलां."

बाबल्याने नारळ फोडला, ट्रक चालू केला आणि सगळ्यांच्या देखत मुद्दाम मधून काप मारून रिकामा ट्रक डोंगराकडे नेला. अर्ध्या चढणीवर तो बंद पडला. त्याचा ट्रक एरवीही आठवड्यातून तीनदा बंद पडत असे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण चौथ्यांदा कोणामुळे बंद पडला, याबद्दल त्या दिवशी कोणाच्या मनात शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, उभी होते. तांडेल खाली दाढी करत होते, अर्धा गाल साबणाने पांढरा, पण तोंड चवाठ्याकडे. आठ वाजले. आके परडी घेऊन उतरली. डोंगरावरून तीन ट्रक येत होते, ते थांबले. धक्क्याकडून दोन, ते थांबले. बस थांबली. पोदेराने सायकलवरून एक पाय खाली टेकला. एकही हॉर्न नाही. त्या चवाठ्यावर मला प्रथमच कावळा ओरडलेला ऐकू आला.

आणि आके रस्त्याच्या बरोबर मध्ये थबकली.

आम्हाला कोणालाच जे माहीत नव्हतं ते त्या क्षणी कळलं. तिला कानांनी ऐकू येत नसलं तरी ट्रकांची थरथर तिला तळव्यांना जाणवायची. एवढी वर्षं पायाखाली थरथरणाऱ्या रस्त्यावरून ती चालत आली होती. आज जमीन गप्प झाली, तेव्हा तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तिने मान वर केली. चहूबाजूंनी ट्रक आपल्याकडे तोंड करून उभे आहेत हे पाहिलं.

"रावल्यात कित्याक रे मेल्यांनो?" ती ओरडली. "कोण मेलां?"

कोणी हललं नाही. म्हातारी पल्याड पोचेपर्यंत वाट बंद, असं देवाला सांगून झालं होतं. आणि म्हातारी तर पल्याड जायला तयार नव्हती.

"आके, चल गो!" बाबलो खिडकीतून ओणवा होऊन हात जोडत होता. "जा गो आवशी, धक्क्यार बार्ज सुटतली!"

तिला काय ऐकू येणार? तिने परडी काखेला मारली आणि उजवा हात लांब करून रिकाम्या ट्रकाला बोलावलं. "तूं यो! चल, चल! आनी तूं राव थंय!" हा दुसरा हात भरलेल्या ट्रकाला.

"ना! ना!" तांडेल ओरडले आणि साबणासकट, कमरेला पंचा, हातात वस्तरा, धावत रस्त्यावर गेले. बहिणीच्या समोर जाऊन उभे राहिले. वस्तरा पाहून बाबल्याने काच वर केली. तांडेलांनी तोंड उघडलं, आणि ओरडून उपयोग नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी वस्तरा दातांत धरला आणि दोन्ही हातांनी बार्जवरच्या खुणा सुरू केल्या. डोंगराकडे बोट. पोट भरल्याची खूण. पुढे ये. मग धक्क्याकडे बोट, रिकामी ओंजळ, तळहात आडवा: थांब.

आके त्यांच्याकडे बघत राहिली. बारा वर्षांत सरळ बघितलं नव्हतं. मग तिने मान हलवली आणि खूण केली: तो रिकामा पोरगा सकाळपासून जेवलेला नाही, तो आधी. तांडेलांनी कपाळाला हात लावला. ही खूण मात्र समजावायची गरजच नव्हती, ती साऱ्या चवाठ्याला कळली.

भांडण पाऊण तास चाललं. पण मध्येमध्ये ट्रक सुटत होते, एकदा याच्या खुणेने, एकदा तिच्या. आणि कोणी कोणाला आदळलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी आठ ते नऊ तो चवाठा दोघांनी चालवला. दगडाला वळेसर घालून झाला, की आके मध्ये उभी राही, तांडेल समोर. ते इंजिनिअर साहेब पुन्हा एकदा आले, लांबून पाहून गेले. कागदावर काय लिहायचं त्यांना कळलं नसावं. वही हळूहळू मागे पडली. एकदा मी ती उघडली तर त्यात पंधरा दिवसांत एकच नोंद होती. 'आठ. आम्ही गेलो.'

पुढे आजोबांची पेडण्याला बदली झाली. सामान टेंपोत भरून आम्ही निघालो तेव्हा नेमके सव्वाआठ झाले होते. चवाठ्यावर आलो. तांडेलांनी आमच्याकडे पाहिलं, सामानाने भरलेला टेंपो पाहिला आणि हाताने खूण केली: भरलेले, आधी जा. आकेने लगेच तळहात आडवा केला: थांबा. मग ती त्यांच्याकडे वळली आणि माझ्याकडे बोट दाखवून हातवारे करू लागली. न जेवता निघाली आहे, असं काहीतरी. तांडेल उत्तर देऊ लागले. ती परत उत्तर देऊ लागली. मागे ट्रकांची रांग लागली. कोणी हॉर्न मारला नाही.

दहा मिनिटं झाली. तुमच्या आजोबांनी घड्याळ पाहिलं. "आपल्याबद्दल काय ठरलंय विचार तरी," ते म्हणाले.

"आपल्याबद्दल कधीच संपलं," मी म्हटलं. "बारा वर्षांचं साचलंय. बसा निवांत."

तुमची,
आज्जी